देवनारचा डोंगर हलवण्याआधी एक ट्रेंच तरी घ्या

विल्यम रॅथ्जे हा माणूस मूळचा माया संस्कृतीचा अभ्यासक. याच माणसाने १९७३ साली अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून टूसॉन शहरातला घरोघरचा कचरा उपसायला घेतला, आणि कचरा म्हणजे अगदी ताजा, त्याच आठवड्यातला. पिशव्या टेबलावर ओतायच्या, ग्लोव्ह्ज घालून एकेक वस्तू वेगळी करायची, वजन किती, ब्रँड कुठला, खाण्याचं किती उरलंय ते सगळं कोड टाकून फॉर्मवर भरायचं, उत्खननात खापरं नोंदवतात तसंच. घर कोणाचं ते लिहायचं नाही, वस्ती कुठली एवढंच.

मला हा प्रोजेक्ट भयंकर आवडतो, कारण पुरातत्त्वाची पद्धत चालू काळाला लावली की काय हाती लागतं ते यात लख्ख दिसतं. लोकांना विचारलं की आठवड्याला बिअर किती पिता, तर ते सांगायचे त्यापेक्षा बरेच जास्त कॅन कचऱ्यात निघायचे. १९७३ च्याच सुमारास अमेरिकेत बीफची टंचाई झाली, भाव चढले, आता महाग वस्तू माणूस जपून वापरेल असं आपण धरून चालतो ना, पण कचऱ्यात बीफ नेहमीच्या तिप्पट वाया गेलेलं सापडलं! कारण लोकांनी घाबरून मिळेल ते, कधी न शिजवलेले प्रकारसुद्धा भरून ठेवले आणि मग ते खराब झाले. (कांदा महागणार म्हटल्यावर आपल्याकडे घरात पोती येऊन पडतात, त्यातला किती सडतो हे कोणीतरी मोजायला हवं.) आणि रोज लागणारा साधा ब्रेड फारसा वाया जात नाही, कधीमधी आणलेले बन वगैरे जास्त जातात. कुठल्याही सर्व्हेत हे कळलं नसतं कारण लोकांना स्वतःलाच ते माहीत नसतं.

पुढे १९८७ पासून त्यांनी मोठी डम्पिंग ग्राउंड्स खणायला घेतली, न्यूयॉर्कचं फ्रेश किल्ससुद्धा. तेव्हा सगळ्यांना वाटायचं की जागा खातात ती डायपर, थर्माकोल आणि फास्ट फूडची वेष्टणं. प्रत्यक्षात ही तिन्ही मिळून घनफळाच्या ३ टक्क्यांच्या आसपास, आणि नुसता कागद ४० टक्क्यांच्या वर. शिवाय दाबून बसलेल्या कचऱ्यात हवा-पाणी पोचत नाही म्हणून काही धड कुजलेलंच नव्हतं, कित्येक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येत होती, त्यावरच्या तारखेवरून थराचं वय ठरायचं. खायच्या वस्तूसुद्धा ओळखू येतील अशा अवस्थेत.

आता आपल्याकडचं बोलू. मुंबईतल्या देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर १९२७ पासून कचरा पडतोय. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा १०० वर्षं जुनी वस्तू असेल तरच तिला पुरावस्तू म्हणतो (हस्तलिखितं वगैरेंना ७५), म्हणजे हिशोबाने २०२७ मध्ये देवनारचा सगळ्यात खालचा थर त्या वयात येतो. आणि नेमकं याच काळात सगळीकडे जुन्या कचऱ्याचं बायोमायनिंग चाललंय, मुलुंडचं कंत्राट २०१८ मध्ये दिलं, देवनारचाही नंबर लागलाय. बायोमायनिंगमध्ये जेसीबीने उकरायचं, मोठ्या फिरत्या चाळण्यांतून काढायचं, प्लास्टिक एकीकडे, माती एकीकडे, राडारोडा एकीकडे. हे व्हायलाच पाहिजे, त्या डोंगराशेजारी राहणाऱ्या लोकांनी धूर आणि वास किती वर्षं सोसायचा? २०१६ ची आग मुंबईत कोण विसरलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की चाळणीत गेलं की थर संपले, १९७० चं आणि २०१० चं एकाच ढिगात येतं, आणि ते परत कधीच सुटं करता येत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत घोड नदीकाठी खणलं, तिथले लोक काय खात होते ते आपल्याला त्यांनी टाकलेल्या हाडांवरून आणि जळक्या धान्यावरून कळलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कचऱ्याला ब्रश लावायचा आणि आपल्या आजी-आजोबांच्या कचऱ्याला जेसीबी, हे मला खरंच पटत नाही.

बरं, अमेरिकेतले आकडे आपल्याला लागू पडणार नाहीत, आपले आपल्यालाच काढावे लागतील. आपल्याकडे पेपर कचऱ्यात जातच नाही, रद्दीवाल्याकडे जातो. बाटली, पत्रा, पुठ्ठा घरातून नाही गेला तर रस्त्यावर, नाहीतर डम्पिंगवर कचरावेचक बायका उचलतात. म्हणजे देवनारमध्ये उरलंय ते या सगळ्या हातांनी नको म्हटलेलं. पेपर नाही तर वय कसं काढणार? शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, ज्यांना भंगारात कोणी विचारत नाही त्याच इथे खापरांचं काम करतील, छापील किंमत आणि तारीख बघून थर लावता येतील. आणि काचेच्या बाटलीतलं आरेचं दूध संपून पिशवी कधी आली ते वरच्या-खालच्या थरात दिसायला हवं. शिवाय कुठल्या कोपऱ्यात कुठल्या साली गाड्या खाली व्हायच्या हे तिथे वर्षानुवर्षं वेचणाऱ्या बायकांइतकं कोणाला सांगता येणार आहे, त्यांना टीममध्ये घ्या आणि रीतसर पगारावर घ्या.

फार काही लागत नाही हो. कंत्राटात एक कलम, की मशीन लावायच्या आधी ठरलेल्या दोनतीन जागी ट्रेंच (थर दिसतील असा उभा चर) घेऊन किंवा निदान ड्रिलने नमुने काढून युनिव्हर्सिटीच्या पोरांना थराथराने नोंद करू द्यायची. गॅस असतो, उतार घसरतो, सुया-काचा असतात, तेव्हा सेफ्टीचा खर्च कंत्राटातच धरायचा.

मला विचाराल तर मी सुरुवात वरून करेन. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, दुकानांवर छापे पडले, दंड झाले, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या थरात पातळ पिशव्या किती आहेत ते वजन करून बघायचं. बंदीने खरंच काय झालं याचं उत्तर तिथे पडलंय, आणि मशीन लागेपर्यंतच ते आपल्या हातात आहे.