तुम्ही विचारलंत म्हणून: अंधेरी ते माहीम

एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकू न देणाऱ्या विकाराची, गोळी चालू आहे तर जपमाळ कशाला, आणि जपमाळ आहे तर गोळी कशाला, असा दुहेरी प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. त्याचा पहिला अर्धा भाग कार्यालयातल्या मैत्रिणींचा असतो, दुसरा मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर भेटणाऱ्यांचा.

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी माझ्या एडीएचडीचे निदान झाले. या विकाराची लक्षणे वयाच्या 12 वर्षांआधी दिसलेली असावी लागतात, म्हणून डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तके मागवली, आणि जवळजवळ प्रत्येकावर 'हुशार आहे, पण लक्ष नसते' हाच शेरा निघाला. गोळीमुळे मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन अधिक उपलब्ध होते; ते काम जपमाळेने करावे अशी माझी अपेक्षा नाही.

डॉक्टरांच्याच सल्ल्याने मी सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) वर्गाला गेले. बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतलेल्या या पद्धतीला जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे रूप दिले. (तिचे मूळ आमच्यातल्या काहींना खटकते, मला खटकत नाही.) श्वासावरून माझे मन चौथ्या मिनिटाला बोंबलांच्या भावावर पोहोचले, तेव्हा वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या की मन भटकल्याचे लक्षात येणे आणि त्याला न रागावता परत आणणे, हाच तर व्यायाम आहे. मला वसईची माझी आजी आठवली, जी जपमाळ म्हणता म्हणता मधेच मांजराला हाकलून, सुनेला भाताची आठवण करून, पुन्हा नेमक्या त्याच मण्यावर येत असे. सोळाव्या शतकातली स्पॅनिश जोगीण, अविलाची संत तेरेसा, हिनेही लिहून ठेवले आहे की कित्येक वर्षे प्रार्थनेचा तास संपल्याचा टोला कधी पडतो, याकडेच तिचे कान असत.

सजगतेत परत यायचे ते श्वासापाशी. प्रार्थनेत मात्र तिथे कोणीतरी वाट पाहत असते, आणि जन्मभर उशिरा पोहोचल्याबद्दल बोलणी खाल्लेल्या माणसाला हा फरक लहान वाटत नाही.

डोळे मिटून एका जागी बसणे मला आजही जमत नाही, म्हणून मी धीम्या लोकलमध्ये, बोटांत मणी घेऊन प्रार्थना करते. जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात, आणि अंधेरी सोडल्यावर पार्ले, सांताक्रूझ, खार, वांद्रे, माहीम अशी पाचच स्थानके. दोन स्थानकांमध्ये एक गट. मन भरकटले असेल, तर पुढच्या स्थानकाची घोषणा मला परत आणते.

परवा मात्र माटुंगा रोड आले तरी माझा चौथाच गट चालू होता, आणि मधले माहीम कधी गेले ते कळलेच नाही. पाचवा गट मी दादरच्या पुलावर पुरा केला, आणि शेवटच्या मण्यावर आठवले की छत्री गाडीतच राहिली आहे.