नांवावरचं टिंब

१९७८ साली मी पाचवीत आलो आणि इंग्रजीशी पहिली ओळख झाली. चौथीपर्यंत जसं लिहिलंय तसं वाचायचं, एवढंच ठाऊक होतं. सरांनी फळ्यावर के-एन-आय-एफ-ई असा शब्द लिहून मला उभं केलं, तेव्हा मी खणखणीत आवाजात वाचलं, "क्नाइफ!" अख्खा वर्ग हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सर हसले नाहीत. म्हणाले, "अरे, चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हा क म्हणायचेच. जर्मन लोक गुडघ्याला अजून 'क्नी' म्हणतात, क सकट." मग त्यांनी खडू घेतला आणि त्या दिवशी धडा तसाच राहिला.

कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना घातला. पुढे छापील स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, पण माणसांची तोंडं काही थांबली नाहीत. नाइटमधला जी-एच एके काळी ख सारखा घशातून यायचा, तो बोलण्यातून गेला आणि कागदावर राहिला. डेट म्हणजे कर्ज, त्या डी-ई-बी-टी मधल्या बी ची गोष्ट निराळी. तो इंग्रजीत कधी कोणी उच्चारलाच नव्हता. मूळ लॅटिन शब्दात आहे म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसडला. हा बी मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

पण माझ्या मनात घर केलं ते नेम या शब्दानं. सरांनी एन-ए-एम-ई लिहिलं आणि म्हणाले, "हा पूर्वी जवळजवळ 'नाम' असाच म्हणत. शेवटचा ई सुद्धा हलकासा ऐकू यायचा. आपलं संस्कृत नाम आणि हा, एकाच घरचे." एवढं बोलून त्यांनी आम्हाला रांगेनं बाहेर नेलं, कार्यालयाशेजारच्या संगमरवरी पाटीपाशी. वर कोरलं होतं : 'देणगीदारांची नांवें'.

"'नांवें'वर ही दोन टिंबं कशाला रे?" कोणालाच सांगता येईना. सरांनी पहिल्या टिंबावर बोट ठेवलं. नाममधला म झिजत झिजत व झाला आणि जाताना नाकातला सूर मागे ठेवून गेला, त्याची ही खूण. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात न उरलेले असे अनुस्वार लिहिणं बंद झालं. इंग्रजांनी आपल्या खुणा जपल्या, आपण पुसल्या.

मला एकदम मालवणकडची माझी आजी आठवली. ती 'नांव' म्हणताना खरंच नाकातून बोलायची आणि आम्ही भावंडं तिला चिडवायचो. त्या दिवसानंतर मी कधी चिडवलं नाही.

नियम सोपे झाले हे बरंच झालं. मुलांवरचं ओझं उतरलं, आणि मीही आयुष्यभर 'नाव' असंच लिहीत आलो. स्पेलिंगं मात्र त्यानंतर मला कधी जड गेली नाहीत. न उच्चारलेलं अक्षर दिसलं की हे कुठून आलं असेल, हेच आधी मनात यायचं.

शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त कार्यालयाची रंगरंगोटी चालली आहे आणि जुन्या पाट्या नव्यानं करून घेणार आहेत, असं कळलं. नव्या पाटीचा खर्च मी आनंदानं देईन. जुनी मात्र आहे तिथेच राहू द्यावी, दोन्ही टिंबांसकट.