आमची वाटचाल: ब्रशपासून ‘कातळ’पर्यंत

आमचं दुकान मूळचं पेंटरचं. वडील नाशकात रविवार कारंज्याजवळ पत्र्याचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आलं, ब्रशचं काम बसलं. मग सातपूरला गाळा घेतला, राउटर, म्हणजे शीट कोरून कापायचं मशिन, बसवला आणि एसीपी (ॲल्युमिनियमचे थर असलेली शीट) व ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं कापायला लागलो.

२०२२ मध्ये दुकाने-आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालेना. काम वाढलं, पण डोळ्यांत खुपायचं ते वेगळंच. इंग्रजी नाव कोनदार, ठसठशीत, मालकाने हौसेने निवडलेलं. मराठी मात्र कॉम्प्युटरमध्ये सापडेल त्या फॉन्टमध्ये. उंची कायद्याची, जाडी निम्मी! तेव्हा स्वतःचाच फॉन्ट करायचं ठरलं, तोच ‘कातळ’.

धाकटी बहीण अप्लाइड आर्ट शिकलेली, आखणी तिची. देवनागरी जाड करायला गेलं की अक्षराच्या पोटातली जागा बुजते. वर मात्रा, खाली उकार, मधल्या अक्षराला उंची उरते किती? म्हणून आम्ही शिरोरेघ दांड्यापेक्षा बारीक ठेवली. कोपरे आतून तासलेले आहेत. लोकांना ती स्टाइल वाटते, पण ती मशिनची देणगी आहे. राउटरचा बिट, म्हणजे फिरणारं पातं, गोल असतो. ३ मिलिमीटरचा बिट आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई सोडतोच. ती लपवण्यापेक्षा तिथे तिरका काप दिला, बाहेरचे कोपरे धारदार ठेवले.

सगळ्यात छळलं ते पाकळीच्या ‘ल’ने. दोन पाकळ्या जाड आणि कोनदार केल्या की लांबून नुसता काळा ठिपका दिसतो. दांड्याचा हिंदी ‘ल’ घेतला असता तर काम सोपं होतं, पण नाशकातल्या पाटीवर तो आम्हाला नको होता. शेवटी डावी पाकळी लहान, तिरकी केली आणि प्रिंट समोरच्या गाळ्याच्या भिंतीला चिकटवून रस्त्यापलीकडून पाहिली. ‘फर्निचर’नेही दमवलं: पहिल्या वेलांटीचं टोक आणि रफार एकाच जागेवर भांडतात. त्या जोडीचं चिन्ह वेगळंच काढावं लागलं. पाट्यांच्या धंद्यात फर्निचरवाले टाळून कसं चालेल?

‘कातळ’ आता ढोलपथकांच्या टी-शर्टवर, कबड्डीच्या जर्सीवर, गॅरेजवर आणि मिसळीच्या हॉटेलांवर दिसतो. दोन-तीन शब्दांपुरता तो उत्तम. लग्नपत्रिका, मेन्यूकार्ड, डॉक्टरांची पाटी यांना आम्ही सरळ नाही म्हणतो. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

२०२७च्या सिंहस्थासाठी धर्मशाळांच्या दिशादर्शक पाट्यांची विचारणा सुरू आहे. गर्दीत चालता चालता वाचायच्या त्या पाट्या. त्यांना आम्ही ‘मुक्ता’ सुचवतो. तो फॉन्ट फुकट मिळतो, आमचं बिल फक्त कटिंगचं.