तुम्ही विचारलेत म्हणून : पूर्ण जोडलेले किट मी पुन्हा का उघडले

माझ्या डाव्या हातावरचा पिप-बॉय पाहिला की बहुतेक जण आधी तो खरोखर चालतो का, असे विचारतात. तो किटमधून जोडलेला आहे आणि नंतर त्यात बराच बदल केलेला आहे हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : किट तयार करणाऱ्याने सगळा विचार करून भाग दिलेले असताना आणि सूचनापत्रकाबरहुकूम ते नीट जोडूनही झालेले असताना तुम्ही ते पुन्हा उघडलेत कशासाठी? या प्रश्नाला उभ्या उभ्या दिलेले उत्तर मला नेहमी अपुरे वाटते, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी 'फॉलआउट' हा व्हिडिओ गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो, की पिप-बॉय हा त्या खेळातील पात्राच्या हातावर बांधलेला संगणक आहे. 1997 च्या पहिल्या खेळात तो पडद्यावरचा एक फलक होता. 2008 च्या 'फॉलआउट 3' मध्ये खेळाडू पात्राच्या डोळ्यांनी जग पाहू लागला आणि डावा हात उचलला की नकाशा, सामान, तब्येत, रेडिओ असे सगळे त्या हातावरच दिसू लागले. माझे किट 2015 च्या 'फॉलआउट 4' मधल्या '3000 मार्क 4' या नमुन्याचे आहे. त्या खेळाच्या एका खास आवृत्तीसोबत हाती घालता येणारा पिप-बॉय मिळत असे आणि त्यात स्मार्टफोन बसवला की फोनचाच पडदा त्याचा पडदा होई. माझ्या किटमध्ये मात्र थ्रीडी प्रिंटरवर छापलेले सुटे भाग, बिजागरीची सळई, एक स्प्रिंग आणि स्क्रूंची पिशवी एवढेच होते. आतली सगळी वीजजोडणी ज्याची त्याने करायची होती.

माझ्या उत्तराचा गाभा असा, की खेळातल्या हाताला वजन जाणवत नाही. तो हात दमत नाही, त्याला घाम येत नाही आणि वस्तू हातावर घसरली तर ती सावरण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. किट करणाऱ्याने त्या वस्तूचे रूप इमानाने उतरवले होते आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु पहिल्यांदा तो पिप-बॉय घालून मी तासभर घरात वावरलो, तेव्हा वीस मिनिटांत खांदा भरून आला आणि पडदा सारखा बाहेरच्या बाजूला कलंडू लागला. जी वस्तू अंगावर घालायची आहे, ती प्रत्येक वेळी दुसऱ्या हाताने धरून ठेवावी लागत असेल तर ती अजून पुरी झालेली नाही, असे माझे ठाम मत आहे.

पडदा का कलंडतो हे समजायला मला बरेच दिवस लागले. सूचनापत्रकात पिप-बॉयच्या हाताभोवती बसणाऱ्या कड्याच्या आतून सगळीकडे एकाच जाडीचा फोम लावायला सांगितले होते आणि मी तो तसाच लावला होता. पण मनगट ते कोपर हा भाग काही सरळ नळकांडे नव्हे. माझ्या मनगटाचा घेर 17 सेंटिमीटर आहे, तर तिथून दहा सेंटिमीटर वर तो 23 भरतो. शिवाय मनगटाजवळ हात चपटा असतो आणि कोपराकडे जाताना गोल होत जातो. तळहात पालथा करताना रेडियस हे हाड अल्नावर आडवे येते, त्यामुळे मनगटाकडचा भाग पुरता वळतो, पण कोपराजवळचा भाग जेमतेम हलतो. कडक कडे दोन्ही टोकांना सारखेच घट्ट बसवले, तर एक टोक वळायला सांगते आणि दुसरे अडवते. या ओढाताणीत कडे वाटेल तिथे जाऊन थांबते. हे लक्षात आल्यावर मी सगळा फोम खरवडून काढला. मनगटाच्या बाजूला, हाताच्या चपट्या अंगांवर टेकतील असे वर एक आणि खाली एक, असे टणक फोमचे दोन तुकडे लावले. कोपराच्या बाजूला केवळ मऊ कापडाचे अस्तर ठेवून एक बोट सहज आत जाईल एवढी फट सोडली. आता कडे मनगटाच्या हुकमाने वळते आणि वरचे टोक मोकळे राहते.

वजनाचा प्रश्न तरीही उरलाच होता, कारण पडदा, सर्किट आणि बॅटरी हे सगळे वरच्याच अंगाला होते. मी बॅटरी मनगटाच्या खालच्या बाजूला हलवली आणि तिचे वजन पडद्याला तोलून धरू लागले. एकूण वजन एका ग्रॅमनेही कमी झाले नव्हते, पण हाताला मात्र ते निम्मे झाल्यासारखे वाटले. अर्थात लिथियम पॉलिमर बॅटरी त्वचेच्या इतक्या जवळ आणताना निष्काळजीपणा चालत नाही. तिच्यासाठी मी कडक भिंतींचा स्वतंत्र कप्पा केला आणि कोणत्याही स्क्रूचे टोक त्या कप्प्यात निघणार नाही हे प्रत्येक स्क्रू मोजून पाहिले, कारण असे टोक बॅटरीत घुसले तर ती पेट घेऊ शकते. चार्जिंगच्या सर्किटमध्येही बदल केला. टीपी4056 ही चिप असलेल्या तयार पट्टीवर साधारणतः 1.2 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह किती वाहील हे ठरवणारा भाग असतो आणि त्यामुळे ती 1 अँपिअरने चार्ज करते. माझी बॅटरी 1000 मिलिअँपिअर-तासांची आहे. तिला एवढी घाई सोसवण्यापेक्षा मी तिथे 2 किलोओहमचा रेझिस्टर डाग देऊन बसवला, म्हणजे प्रवाह सुमारे 580 मिलिअँपिअरवर येतो. वेळ जास्त लागतो, पण बॅटरी गरम होत नाही.

किट पुन्हा पुन्हा उघडायचे तर स्क्रूंची काळजी घ्यावीच लागते, आणि याबाबत मी कोणालाही आग्रहाने सांगतो. प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जाणारा स्क्रू दुसऱ्यांदा लावताना तो थेट आवळू नये. आधी तो छिद्रावर ठेवून हलक्या हाताने उलटा फिरवावा. एका क्षणी तो किंचित खाली बसतो आणि बोटांना बारीकसा टिचका जाणवतो. तेव्हा स्क्रूचे आटे जुन्या आट्यांत येऊन बसलेले असतात, आणि तिथून पुढे सुलट फिरवत न्यावे. असे न करता आवळला तर प्रत्येक वेळी नवे आटे पडतात आणि चार-पाच खेपांत छिद्राचा भुगा होतो. बिजागरीजवळच्या दोन छिद्रांची मी आधीच अशी वाट लावली होती. तिथे सोल्डरिंग आयर्नने तापवून पितळेचे आटेदार नळे बसवले आणि यंत्राचे 3 मिलिमीटरचे स्क्रू वापरले.

आता पडद्याविषयी. खेळातला पडदा जुन्या चित्रनलिकेसारखा फुगीर आहे, आणि किटमध्ये मात्र सपाट खिडकी होती. अॅक्रिलिकचा पातळ तुकडा तापवून, साच्यावर दाबून मी फुगीर काच तयार केली आणि चौकटीत बसवताना झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद वापरला. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या आतून पांढरट धुके पसरलेले होते आणि त्या धुक्याच्या मधोमध माझ्या अंगठ्याचा ठसा रेघ न् रेघ मोजता येईल इतका स्पष्ट उमटला होता. या गोंदाची वाफ हवेतल्या ओलाव्यामुळे पृष्ठभागावर घट्ट होते आणि बोटाच्या घामाचा अंश असेल तिथे ती अधिक धरते. गुन्ह्याच्या तपासात ठसे उठवण्यासाठी हीच क्रिया मुद्दाम करतात. मी तो तुकडा बराच वेळ उजेडात धरून पाहत बसलो आणि अजूनही जपून ठेवला आहे. दुसरी काच सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीने बसवली आणि आतून शेवटचा हात फिरवताना हातमोजे घातले.

हिरव्या अक्षरांसाठी फार खटपट करावी लागली नाही. जुन्या चित्रनलिकांमधल्या पी1 या फॉस्फरचा, म्हणजे आतून चमकणाऱ्या लेपाचा उजेड 525 नॅनोमीटरच्या आसपास असतो, आणि साध्या रंगीत पडद्याचा हिरवाही त्याच्या जवळ जातो. फरक पडतो तो अक्षरे पुसली जाण्यात. नळीवरचे अक्षर विझल्यानंतरही क्षणभर रेंगाळते, म्हणून जुनी अक्षरे पायरीपायरीने मंद होतील असे मी प्रोग्रॅममध्ये लिहिले.

किरणोत्सर्ग दाखवणारा छोटा मापक मात्र मला खरा हवा होता. किटमध्ये त्या जागी छापील चित्र होते. तिथे मी 100 मायक्रोअँपिअरचा, फिरत्या वेटोळ्याचा मापक बसवला. 3.3 व्होल्टवर काटा शेवटपर्यंत जावा म्हणून 33 किलोओहमचा रेझिस्टर पुरतो, आणि मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे आतल्या छोट्या संगणक-चिपने पाठवलेल्या तुटक स्पंदांची सरासरी काट्याचे जडत्व आपोआप काढते. किरणोत्सर्ग मोजायचे साधन माझ्याकडे नाही आणि खोटा आकडा दाखवणे मला पटत नव्हते, म्हणून तो काटा बॅटरीची पातळी दाखवतो. हात हलला की तो किंचित थरथरतो, आणि पडद्यावर चितारलेल्या काट्याला ती थरथर कधीच जमली नसती.

रंगाबाबत मी बहुतेकांशी असहमत आहे. अशा वस्तूंवर सर्वत्र सारखाच गंज आणि सारखेच ओरखडे दिसतात, आणि त्यामुळे त्या वापरलेल्या न वाटता माखलेल्या वाटतात. हा संगणक डाव्या हातावर असतो, म्हणजे त्याला स्पर्श उजव्या हाताचा होणार. म्हणून झीज नॉबच्या कडांवर, खटक्याच्या टोकावर आणि टेबलावर टेकणाऱ्या खालच्या कडेवर हवी. खोबणींत मळ साचावा, पण उघडी झीज तिथे नको. मी छपाईत उमटलेल्या थरांच्या रेषा ओल्या पॉलिश पेपरने घासून प्रायमर दिला, वर चंदेरी रंग आणि वॉर्निश दिले, त्यावर हेअरस्प्रे मारून मग गडद रंग चढवला. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल्या, राठ ब्रशने हळूहळू घासले की वरचा रंग हवा तिथेच सुटतो. घासण्यापूर्वी मी दोन दिवस तो पिप-बॉय तसाच वापरला आणि बोटे कुठे जातात तिथे पेन्सिलीने खुणा केल्या.

एका भागाला मात्र मी हात लावलेला नाही. वरच्या बाजूला हॉलोटेप, म्हणजे खेळातली माहिती साठवणारी कॅसेट घालायचे झाकण आहे. त्याची स्प्रिंग आणि कडी किटमध्ये जशी आली तशीच आहे. मी त्यासाठी तीन वेगळ्या कड्या करून पाहिल्या, पण मूळच्या कडीसारखी एकही बसली नाही. अंगठ्याने दाबले की ती शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये स्वतःहून आत ओढली जाते आणि खट्ट असा भरीव आवाज येतो. तिच्या छिद्रांतले स्क्रू अजून पहिल्याच आट्यांवर आहेत.