पॅनेलवर वाळणारी कैरी : आमची वाटचाल

२०१२ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्यात दुकान उघडलं, तेव्हा पाटीवर ‘बॅटरी-इन्व्हर्टर दुरुस्ती’ एवढंच होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाबरोबर चांदसैली घाट चढून धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो. त्याच्या घरी योजनेतून मिळालेला सौर दिव्याचा संच होता. बॅटरी केव्हाच मेलेली. पॅनेल छपरावरून काढून अंगणात दोन दगडांवर आडवं ठेवलेलं आणि त्यावर आमचूरसाठी कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. काच तापते, फोडी लवकर वाळतात, असं त्याच्या आईने मला समजावून सांगितलं. फोडी बाजूला सारून मी मीटर लावला. वीस व्होल्ट. पॅनेल ठणठणीत होतं. नव्हती ती दोन-तीन हजारांची बॅटरी, आणि ती बदलून देणारा माणूस.

खाली आल्यावर पाटीवर ‘सोलर’ हा शब्द वाढवला.

खान्देशात वीज तयार होत नाही असं नाही. भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. धडगाव तालुक्यातल्या बिलगावच्या लोकांनी तर २००३ साली श्रमदान करून उदई नदीच्या धबधब्यावर स्वतःचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला होता. पाड्यापाड्यावर दिवे लागले होते. काही वर्षांतच तो सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला. स्वच्छ वीज म्हणजे काय हे सातपुड्यातल्या माणसाला आमच्यासारख्यांनी शिकवायची गरज नाही, हे मी तेव्हापासून धरून चाललो आहे.

पहिली सहा-सात वर्षं मात्र धंदा खालच्या पट्ट्यातच वाढला. शहादा, शिरपूर, चोपडा इथले केळीवाले आणि ऊसवाले शेतकरी. शेतीची वीज रात्रपाळीची असली की पिकाला बारे द्यायला अंधारात जायचं, त्यात बिबट्याची भीती. दिवसा चालणारा पंप ही त्यांची खरी गरज होती. २०१९ मध्ये अनुदानावर सौर पंप देणारी केंद्राची कुसुम योजना आली आणि कामं एकदम वाढली. निविदेतल्या मोठ्या कंपन्यांच्या यादीत आमच्यासारखं नाव बसत नाही. आम्ही त्यांच्यासाठी फाउंडेशन, स्ट्रक्चर, जोडणी करणारे. पोटठेकेदारच म्हणा. इथलं ऊन कडक म्हणून वीज जास्त मिळेल, असं सगळ्यांना वाटतं. ते खरं नाही. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात आमच्याकडे पॅनेलचा पाठचा भाग हाताला चटका देतो. म्हणून स्ट्रक्चर उंच आणि खालून वारा खेळता ठेवा, हे मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो.

घाटावरची कामं आम्ही टाळायचो, हे कबूल करतो. एका पंपामागे जे सुटायचं ते गाडीभाड्यात जायचं. पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता बंद. २०२१ मध्ये पहिल्यांदा तीन एचपीच्या सौर पंपाचं काम वर घेतलं. आदिवासी शेतकऱ्याला पाच टक्केच हिस्सा भरायचा होता, म्हणजे दहा हजारांच्या आत. रस्ता विहिरीच्या अलीकडे दीड किलोमीटरवर संपला. नऊ पॅनेल, एकेक बावीस किलोचं. पाड्यातल्या माणसांनी ती गोधडीत बांधून डोक्यावर नेली. बायाही होत्या. दुपारी दोनला पंप सुरू केला. पाइपातून आधी हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार आली, तेव्हा म्हाताऱ्या बाबांनी ओंजळ भरून पहिलं पाणी विहिरीच्या काठावर ओतलं आणि मग स्वतः प्यायले.

पुढच्या जूनमध्ये वीज कडाडली आणि पॅनेलच्या विजेवर पंप चालवणारा कंट्रोलर गेला. पाच वर्षांची हमी होती, विमा होता. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर हिंदीत बोलायचं, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा, त्यासाठी आधी टेकडीवर जाऊन रेंज शोधायची. बाबांची भाषा पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली. तक्रार नोंदली गेली ती आमच्या दुकानातला मुलगा वर गेला तेव्हा, आणि नवा कंट्रोलर पोचला तेव्हा दिवाळी झालेली. हरभऱ्याची पेरणी हुकली. कामाची जोडणी आमची होती, म्हणून बाबांना तोंड दाखवायची मला लाज वाटली. त्या वर्षी कर्ज काढून चार कंट्रोलर स्वतःचे घेतले आणि धडगावात एक खोली भाड्याने घेतली. आयटीआय वायरमन झालेली दोन पावरा मुलं तिथे बसतात. बिघाड झाला की आधी आमचा कंट्रोलर बसतो, पंप चालू होतो. कंपनीचा यायचा तेव्हा येवो.

माझं ठाम मत आहे की समन्याय टक्केवारीत मोजून भागत नाही. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतही सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के हिस्सा आहे, अडीच एकरांपर्यंत तीन एचपी. हे चांगलंच आहे. पण मागायला सातबारा लागतो, त्यावर विहिरीची नोंद लागते, सामायिक खातं असेल तर भावांची ना हरकत लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्याला पट्टा मिळाला, त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे, जमीन तो कसतो, पण अर्जाच्या रकान्यात त्याचा कागद नीट बसत नाही. आमच्या दुकानात आता पंपापेक्षा कागदांना जास्त वेळ जातो. बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून विहीर, मग तलाठ्याकडे नोंद, मग पंपाचा अर्ज, असा क्रम आम्ही लावून देतो. त्याचे पैसे घेत नाही. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज मोफत झाली, तेव्हा खालच्या गिऱ्हाइकांना आनंद झाला आणि त्यात मलाही आनंद आहे. पण ज्याच्या शेतात खांबच नाही, त्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हा प्रश्न वर गेलं की कुणीतरी विचारतंच.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेबद्दलही लिहायला हवं, कारण तिथली कामं आम्ही करतो. यात उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देतात. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख. जमीन उपकेंद्राजवळ हवी, म्हणजे भाडं जातं ते बहुधा रस्त्यालगतच्या जमीनदाराकडे. आणि जागा गायरान असेल तर तिथे मेंढ्या चारणारा ठेलारी, वर्षानुवर्षं तुकडा कसणारा भूमिहीन भिल्ल यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. कुंपण घालायचं काम आमच्याकडे येतं तेव्हा मी आधी गावात विचारतो, गुरांची वाट कुठून जाते. दोन ठिकाणी वाट सोडून कुंपण वळवलं. एका ठिकाणी ऐकलं गेलं नाही. ते काम आम्ही सोडलं. पंचायतीच्या पाच लाखांतून पहिला हक्क चराई गेलेल्या घरांचा असावा, असं मी ग्रामसभेत उभं राहून बोललो आहे आणि पुढेही बोलणार.

सध्या घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवायचं काम हाती आहे. राज्याच्या स्मार्ट योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटसाठी केंद्राचे तीस हजार आणि राज्याचे साडेसतरा हजार मिळतात. घरमालकाचे अडीच हजार. धडगावच्या खोलीवरच्या आमच्या दोघा मुलांनी वरच्या पाड्यांतली छपरं मोजायला घेतली आहेत, कारण कवेलूच्या आणि कुडाच्या घरावर नेहमीचं स्ट्रक्चर टिकत नाही. अंगणात लोखंडी पाइपांवर, माणूस खालून जाईल एवढ्या उंचीचा सांगाडा त्यांनी बसवून पाहिला आहे. तो ज्या अंगणात आहे, तिथल्या मावशींनी एकच विचारलं: खालच्या सावलीत आमचूर वाळेल का? मुलांनी सांगाडा दोन हात दक्षिणेला सरकवला, म्हणजे अंगणातलं ऊन तसंच राहिलं.