सात ठिपके

गेल्या रविवारी दुपारी जेवणानंतर संत्रे सोलण्यासाठी मी खिशातला चाकू काढला आणि संत्रे बशीत तसेच ठेवून, वाचायच्या भिंगातून पुन्हा एकदा त्या चाकूवरचे ठिपके मोजत बसलो. ठिपके सात आहेत हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून पाहिल्याशिवाय ज्यांचा पाय घराबाहेर पडत नाही, त्यांच्यातलाच मी एक.

चाकू 'केस' या अमेरिकी कंपनीचा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड या लहानशा गावात ही कंपनी शंभराहून अधिक वर्षे खिशातले चाकू करत आली आहे. आमच्या घरापासून गाडीने निघाले तर दुपारच्या चहाला तिथे पोहोचता येते. या लोकांनी १९७० साली पात्याच्या बुडाशी असलेल्या शिक्क्याखाली दहा ठिपके उमटवले आणि पुढे दर वर्षी एकेक कमी करत नेला. १९७१ साली नऊ, १९७२ साली आठ, असे करत १९७९ साली एकच ठिपका उरला, आणि १९८० साली पुन्हा दहा झाले. वर्षांची अशी उलटी मोजदाद एखाद्या ज्योतिषाला सुचावी, ती कारखानदाराला सुचली. माझा जन्म १९७३चा. सात ठिपक्यांचा चाकू आपल्याकडे असलाच पाहिजे, हे खूळ माझ्या डोक्यात शिरले ते त्यामुळे, आणि त्या एका चाकूच्या शोधात इतर ठिपक्यांचे सोळा चाकू घरात आले. "सतरा चाकू आहेत घरात, पण कांदा चिरायला एक नाही," असे पत्नी म्हणते, आणि त्यावर माझ्याकडे आजवर उत्तर नाही.

सात ठिपक्यांचा हा चाकू मला गावाबाहेरच्या जुन्या बाजारात, एका वृद्ध गृहस्थांच्या टेबलावर, गंजलेल्या पान्यांच्या ढिगात सापडला. मिटलेला असताना तो करंगळीहून थोडासाच लांब भरतो. दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या आहेत, ज्यात चांदी औषधालाही नसते. पाती तीन. या घाटाला स्टॉकमन म्हणतात, म्हणजे गुरे पाळणाऱ्याचा चाकू, आणि याच्या थोरल्या भावंडांत तिसरे पाते बहुधा गोऱ्हे खच्ची करण्याचे असते. जुन्या काळी काही कंपन्या त्या पात्यावर 'फक्त मांसासाठी' अशा अर्थाची सूचनासुद्धा कोरत असत. माझ्या धाकट्या चाकूत मात्र त्या जागी पेनचे पाते आहे. पिसाच्या लेखणीचे टोक काढण्यासाठी ज्या प्रकारचे पाते वापरत, त्याचा हा वंशज.

ते पाते पहिल्यांदा उघडले तेव्हा मला आजोबांचा बोरू आठवला. राजापूरच्या बाजूच्या आमच्या घरी मे महिन्यात नातवंडांचे अक्षर सुधारण्याची मोहीम निघत असे. पडवीतल्या झोपाळ्यावर बसून आजोबा बोरू डाव्या अंगठ्यावर टेकवत, आणि सुपारीचा वास मारणाऱ्या एका लहानशा चाकूने त्याचे टोक तिरके छाटत. पहिले दोन काप भराभर होत; तिसऱ्याला ते श्वास रोखून धरत, आणि आम्हीही धरत असू. काम झाले की पाते धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि चाकू मिटायचा. तो मिटताना जो 'टक्' आवाज होई, तो झाला की आमची सुटका नाही, हे समजायचे: आता शुद्धलेखन. चाकू कुणाच्या हातात ते कधीच देत नसत. जमिनीवर ठेवत, मग आपण उचलायचा. हातातून हातात दिला की भांडण होते म्हणे. अमेरिकेतही चाकू भेट मिळाला तर देणाऱ्याच्या हातावर एखादे नाणे ठेवण्याची रीत आहे, नाहीतर मैत्री तुटते असे मानतात.

पात्याची चाल आणि शेवटचा तो 'टक्' यांना इथले संग्राहक 'वॉक अँड टॉक' म्हणतात आणि त्यावरून चाकूची पत ठरवतात. पाठीमागची पोलादी कमान नीट ताणलेली असेल तरच चाकू बोलतो. बोलणारे कारखाने मात्र एकेक करून गप्प झाले. न्यूयॉर्क राज्यातला श्रेड २००४ साली बंद पडला, कॅमिलस २००७ साली आणि पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलचा क्वीन २०१८ साली. त्याच टायटसव्हिलमध्ये, जिथे १८५९ साली एडविन ड्रेक नावाच्या गृहस्थाला जमिनीत तेल लागले होते, तिथे २००६ साली ग्रेट ईस्टर्न नावाचा नवा कारखाना निघाला आणि तो जुन्या वळणाचेच चाकू करतो. मी त्यांच्या वाटेला जात नाही. त्यांच्यावर १९७३ साल कुठून असणार?

दोन वर्षांपूर्वी आई सहा महिने आमच्याकडे राहायला होती. सात ठिपक्यांचा चाकू नुकताच आला होता. त्याच्या पात्यावर फळे कापून कापून चढलेली निळसर काळी झाक संग्राहक जिवापाड जपतात. कैरी चिरल्यावर विळीचे पाते जसे काळवंडते तसेच ते आहे, आणि ती झाक आईने दुसऱ्याच दिवशी घासणीने निम्मी उतरवली. ते मी मुकाट्याने सोसले. पण एका गुरुवारी दत्ताच्या नैवेद्यासाठी सफरचंद चिरायला तिने तोच चाकू उचलला आणि विचारले, "मूठ कसली रे ही?"

"प्लॅस्टिकची," मी म्हणालो.

फोडणीत मोहरी टाकता टाकता पत्नीचा हात थांबला. मूठ गायीच्या हाडाची आहे हे मीच तिला महिनाभर कौतुकाने सांगत होतो. चाकूच्या क्रमांकातला पहिला आकडा ६, आणि केसच्या हिशेबात ६ म्हणजे हाड. मी मोठासा सोवळ्यातला नाही, तरी तो नैवेद्य मला कित्येक दिवस टोचत राहिला. त्यातच वाचनात आले की केसला मुठींसाठी हाडे मिळतात ती ब्राझीलच्या झेबू गुरांच्या नडगीची. ही गुरे म्हणजे आपल्याकडच्या गीर, कांकरेज आणि ओंगोल जातींची, जहाजातून तिकडे गेलेली संतती. त्याने समाधान व्हायचे सोडून जास्तच टोचले.

तर रविवारी ठिपके मोजून झाल्यावर भिंग सहज मुठीवर सरकले. हाडात रक्तवाहिन्यांची बारीक काळी छिद्रे दिसतात, टाचणीने टोचल्यासारखी. या मुठीत एकही नव्हते. खाचा एकसारख्या गुळगुळीत, साच्यातून निघाल्यासारख्या. मूठ डेलरिनची होती. हे ड्युपॉन्टचे प्लॅस्टिक केसने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काही चाकूंना वापरले, आणि क्रमांकातला ६ तसाच राहू दिला. हाडावर ज्या खाचा पाडतात त्याही मुळात हरणाच्या शिंगाचा भास व्हावा म्हणून, आणि तशी उत्तम शिंगे पूर्वी भारतातूनच येत, सांबराची. म्हणजे माझ्या खिशात सांबराच्या शिंगाची नक्कल करणाऱ्या हाडाची नक्कल करणारे प्लॅस्टिक आहे, आणि त्याला मी हाडाचे पैसे मोजले आहेत. विकणाऱ्या गृहस्थांनी हाड हा शब्दही उच्चारला नव्हता, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

भारतात सकाळ झाल्यावर मी आईला फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणालो, "आई, तो चाकू प्लॅस्टिकचाच निघाला."

"तू तेव्हा तेच तर सांगितलं होतंस," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "केवढ्याला घेतला होतास तो?"

मी पाच डॉलर म्हणालो.