फ्योल्कलिंगेनच्या सहा भट्ट्या

जर्मनीतल्या झारब्रुकनहून फ्योल्कलिंगेन रेल्वेने दहाएक मिनिटांवर. गाडी स्टेशनात शिरायच्या आतच खिडकीभर तांबूस-काळं लोखंड उभं राहतं: धुराडी, गोल डोक्याच्या टाक्या, एकमेकांत गुंतलेले जाडजूड नळ. मावसबहिणीला मी विचारलं, "कारखाना अजून किती लांब आहे गं?" ती म्हणाली, "ताई, हाच तो. उतर!" स्टेशन आणि कारखाना इथे अक्षरशः शेजारी आहेत.

झारलँड प्रांतातला हा लोखंडाचा कारखाना 1873 मध्ये सुरू झाला. पहिल्या मालकाला तो झेपला नाही. 1881 मध्ये रोखलिंग घराण्याने तो विकत घेतला, 1883 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि पुढे ओळीने सहा झाल्या. 1965 च्या सुमारास इथे 17 हजारांवर माणसं कामाला होती. 1986 मध्ये भट्ट्या थंडावल्या आणि 1994 मध्ये युनेस्कोने संपूर्ण कारखान्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. यातला 'संपूर्ण' हा शब्द माझ्यासाठी महत्त्वाचा आहे. त्याच्याचसाठी मी एवढ्या लांब आले होते.

माझे मामा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या बोलण्यातून आम्हा भाचरांना अख्खी गिरणी तोंडपाठ झाली होती. कापसाच्या गाठी ब्लो रूममध्ये फुटायच्या, मग कार्डिंगमध्ये पिंजणं, मग साच्यांवर सूतकताई, मग सायझिंगमध्ये सुताला खळ, मग साळखात्यात विणकाम. पण ती गिरणी मी आतून कधीच पाहिली नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मामा पुन्हा कामावर गेले नाहीत. पुढे त्या जागेवर काय उभं राहिलं ते मुंबईकरांना सांगायला नको. त्यामुळे जिथे कच्चा माल आत आला तिथपासून तयार माल बाहेर पडला तिथपर्यंत चालत जाता येईल, असा बंद कारखाना मला एकदा पाहायचा होता.

फ्योल्कलिंगेनमध्ये तो तसा चालता येतो. आजच्या फ्रान्समधल्या लॉरेनचं लोहखनिज, जवळच्या खाणींतला कोळसा आणि चुनखडी, सगळं रेल्वेने यायचं. हा माल साठवायचं अंधारं कोठार म्हणजे मोलरहाल. वर काँक्रीटचे प्रचंड कप्पे, खाली त्यांची तोंडं, आणि त्या तोंडांखाली टांगत्या रुळावरून फिरणाऱ्या वाघिणी. या वाघिणी भरून तिरक्या रुळावरून थेट भट्टीच्या माथ्यावर ओढून नेत. मी कॅमेरा कठड्यावर टेकवून बराच वेळ उघडा ठेवला, तेव्हा कुठे कप्प्यांच्या कडा चित्रात उतरल्या. डोळ्यांना जे जवळजवळ दिसतच नव्हतं ते पडद्यावर हळूहळू प्रकट होताना पाहून अंगावर काटा आला. आयुष्याची वर्षं या अंधारात फावडं चालवत काढलेल्या माणसांना यातलं किती दिसत असेल?

वर जायचं तर डोक्यावर हेल्मेट चढवावं लागतं. पायऱ्या लोखंडी जाळीच्या, पायाखालून थेट जमीन दिसते. 27 मीटरवर भट्ट्या भरायचा सज्जा लागतो. सहाही भट्ट्यांची तोंडं इथे एका रांगेत आहेत. खनिज आणि कोक, म्हणजे भाजून काढलेला कोळसा, वरून आत जाई, तापवलेल्या हवेचा झोत खालून घुसे, वितळलेलं लोखंड तळातून बाहेर पडे आणि त्यावर तरंगणारी मळी वेगळी काढली जाई. माथ्यावर जमणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस त्यात बघता बघता कोसळतो. सज्जावर काम करणाऱ्यांचा हा रोजचा शेजारी होता. शिवाय झोतभट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झगडून 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. भट्टीला मात्र रविवार माहीत नाही, तिथे पाळी चालूच.

आणखी वर, 45 मीटरवरून, सगळा पसारा पायाशी येतो. इथे येणारा प्रत्येकजण मोठ्या कोनाच्या लेन्सने सगळंच एका चौकटीत कोंबायला बघतो. माझ्या मते त्याने हा कारखाना नुसता नळांचा गुंता दिसतो. लांबच्या लेन्सने एकच नळ धरावा आणि तो कुठून निघाला, कुठे गेला, हे चित्रागणिक शोधत जावं. मी भट्टीच्या माथ्यावरून निघणाऱ्या वायूच्या नळाच्या मागे लागले. तो खाली वायू शुद्ध करायच्या विभागात उतरतो. धूळ काढलेला वायू तिथून इंजिनांच्या दालनात जाई आणि त्याच्याच जोरावर प्रचंड भाते चालत. त्या भात्यांची हवा विटांनी भरलेल्या उंच गोलमाथ्याच्या टाक्यांत तापून पुन्हा भट्टीत शिरे. भट्टीचाच उच्छ्वास भट्टीला श्वास पुरवत होता! हे वाचून ठाऊक होतं, पण चित्रं ओळीने लावली तेव्हा खरं कळलं. इंजिनांच्या दालनातली गतिचक्रं एवढी मोठी आहेत की प्रमाण कळावं म्हणून मी बहिणीला बाजूला उभं केलं.

आभाळ दिवसभर भरलेलं होतं आणि गंजासाठी याहून चांगला उजेड नाही. उन्हात गंज सपाट तपकिरी दिसतो. ढगाळ, ओलसर हवेत त्यातून केशरी, जांभळा, शेवाळी असे थर वर येतात. मी रंग नंतर अजिबात वाढवले नाहीत. असल्या जागांची भडक चित्रं पुष्कळ फिरत असतात आणि त्यांत कारखाना भुताचा वाडा होऊन बसतो. मला तो कामाची जागा म्हणूनच दाखवायचा होता.

कामाच्या जागेचा सगळाच इतिहास अभिमानाचा नसतो. दुसऱ्या महायुद्धात इथे 12 हजारांहून अधिक माणसांना, त्यांत बायका आणि मुलंही आली, सक्तीने राबवलं गेलं. त्यांतली 261 माणसं मेली. कारखान्याचे प्रमुख हेरमान रोखलिंग यांना युद्धानंतर युद्धगुन्ह्यांसाठी शिक्षा झाली. 2018 मध्ये फ्रेंच कलावंत क्रिस्तियाँ बोल्तान्स्की यांनी सिंटर विभागात, म्हणजे खनिजाची भुकटी भाजून तिचे गोळे करायच्या जागेत, या वेठबिगारांचं स्मारक उभारलं. दप्तरातल्या नस्त्यांसारखे क्रमांक घातलेले डबे छतापर्यंत रचलेत, मध्ये काळ्या कपड्यांचा ढीग आहे आणि कुजबुजत्या आवाजात नावं उच्चारली जातात. डब्यांच्या अरुंद बोळातून जाताना बहिणीने माझा हात घट्ट धरला होता. रोखलिंगांनी घडवलेला हा वारसा मिरवायचा, तर ही नावं त्याच छपराखाली ऐकू आलीच पाहिजेत. ती तशी ऐकवली जातात याबद्दल मला या लोकांचा आदर वाटतो.

कोक भट्ट्यांच्या बाजूला झाडांनी ताबा घेतलाय. जुन्या रुळांमधून बर्च उगवलेत. या भागाला नावच 'पाराडीस', म्हणजे नंदनवन. तिथल्या बाकावर डबा उघडला आणि मुंबईचा विषय निघाला. लोअर परळला गिरणीच्या जागेवर झालेल्या मॉलच्या आवारात तिचं धुराडं राखलंय, हे बहिणीने आठवण करून दिलं. राखलंय खरं. पण त्या धुराड्याकडे बघून गाठ कुठे फुटत होती, साचे कुठे होते, माझे मामा पाळीला कुठल्या दारातून शिरत होते, यातलं काय कळतं? मुंबईच्या 1991 च्या विकास नियमात बंद गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना मिळणार होता. 2001 मध्ये हे गणित फक्त रिकाम्या जमिनीपुरतं केलं गेलं आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. त्या साठ-एक गिरण्यांतली एक, फक्त एक, ब्लो रूमपासून साळखात्यापर्यंत यंत्रांसकट ठेवली असती तर? मला याचा राग येतो आणि तो इथे आल्यावर वाढला.

जाणार असाल तर पूर्ण दिवस हाताशी ठेवा. जाड तळाचे बूट घाला, जाळीच्या पायऱ्यांवर पातळ तळवे दुखतात. उंचीची भीती असेल तर वरचा सज्जा सोडून द्या. मोलरहाल आणि इंजिनांचं दालन खालूनही मन भरून पाहता येतं. ट्रायपॉडबद्दल तिकीट खिडकीवर आधीच विचारून घ्या. आणि जाताना डबा बरोबर न्या, पाराडीसमधले बाक फार चांगले आहेत.